मुंगूस ते मांगुश्तु : उत्तर कोकणातील एका प्राणिनामाचा इतिहास

उल्हास नदी बोरघाटाच्या परिसरात, राजमाचीच्या डोंगरांत उगम पावते, नेरळ मागे टाकून बदलापूर, अंबरनाथ आणि उल्हासनगर या आज एकमेकांना चिकटलेल्या तीन शहरांच्या कडेने कल्याणला येते आणि पुढे ठाण्याच्या उत्तरेकडून वळून वसईच्या खाडीने अरबी समुद्राला मिळते. सोळाव्या शतकाच्या मध्यापासून पुढची सुमारे दोनशे वर्षे या नदीचे मुख पोर्तुगीजांच्या ताब्यात होते, तर तिचे वरचे खोरे मराठी बोलणाऱ्या शेतकऱ्यांचे, आगऱ्यांचे, ठाकर-कातकऱ्यांचे आणि त्यांच्यावर आलटून पालटून राज्य करणाऱ्या देशी सत्तांचे होते. एकाच पाण्यावर दोन भाषा इतका काळ शेजारी राहिल्या, तेव्हा त्यांच्यात माल आणि माणसे यांच्याबरोबर शब्दांचीही देवघेव झाली. मराठीने पोर्तुगीजांकडून काय घेतले याची यादी मराठी वाचकाला बरीचशी परिचित आहे. परंतु मराठीने काय दिले याची नोंद क्वचितच घेतली जाते. इंग्रजीतील ‘मंगूज’ या रोजच्या प्राणिनामाचे आज कोणी पोर्तुगीजमध्ये भाषांतर करू लागला, तर त्याच्या हाती ‘मांगुश्तु’ हा शब्द येतो. हे दोन्ही शब्द एकाच कुळातले आहेत आणि त्या कुळाचे मूळ कोशकारांनी मराठीतील ‘मुंगूस’, जुन्या व बोलीतील रूपानुसार ‘मंगूस’, या शब्दाकडे नेलेले आहे.

हा प्रवास समजण्यासाठी आधी त्या काळची सीमा समजली पाहिजे. गुजरातचा सुलतान बहादूरशाह याने २३ डिसेंबर १५३४ रोजी केलेल्या तहाने वसई आणि तिच्या भोवतालचा मुलूख पोर्तुगीजांना दिला आणि त्यातून पुढे वसई, साष्टी, ठाणे, मुंबई, चौल व गुजरात किनाऱ्यावरील ठाणी मिळून त्यांचा ‘उत्तर प्रांत’ उभा राहिला. कल्याण मात्र या प्रांतात कायमचे कधीच आले नाही. पोर्तुगीजांनी १५३६ मध्ये ते घेतले, पण तेथे शिबंदी ठेवली नाही. १५७० मध्ये ते पुन्हा आले, तेव्हा त्यांनी शहराबाहेरच्या वस्त्या जाळल्या आणि लूट घेऊन ते परतले. अंबरनाथ आणि बदलापूर ही गावे तर कल्याणच्याही आत, घाटाच्या बाजूला होती. अंबरनाथचे शिवालय शके ९८२ म्हणजे इसवी सन १०६० चा शिलालेख अंगावर बाळगून वालधुनीच्या काठी उभे होते, आणि बदलापुराचे नाव घाटमार्गावर येथे घोडे बदलले जात म्हणून पडले अशी स्थानिक परंपरा सांगते. म्हणजे हा भाग पोर्तुगीज राज्याचा नव्हे, तर त्या राज्याच्या वेशीचा भाग होता, आणि वेशीवरचे लोक दोन्हीकडची भाषा कामापुरती तरी शिकतात.

या संबंधाची निकड भूगोलातच होती. कल्याणहून निघालेल्या गलबताला समुद्र गाठायचा तर वसईच्या किंवा ठाण्याच्या खाडीतून जावे लागे आणि दोन्ही वाटांवर पोर्तुगीजांचा पहारा होता. शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतल्यानंतर तेथे लढाऊ जहाजे बांधण्यास प्रारंभ केला, तेव्हा १६५९ च्या सुमारास त्या कामावर रुई लैतांव व्हिएगश हा वसईकडचा पोर्तुगीज आणि त्याच्या हाताखालचे कारागीर होते. पुढे पोर्तुगीज अधिकाऱ्यांनी त्यांचे मन वळवले आणि ते काम सोडून निघून गेले. सुतार, लोहार, खलाशी आणि मजूर एकाच तळावर काम करीत असताना हत्यारांची, जहाजाच्या भागांची आणि हुद्द्यांची नावे एका भाषेतून दुसरीत गेली असल्यास नवल नाही. पोर्तुगीज ‘आर्मादा’पासून आलेला ‘आरमार’ हा शब्द मराठी राज्याच्या कारभारात असा रुळला की तो परका आहे याची जाणीवही उरली नाही.

पोर्तुगीजांकडून मराठीत आलेल्या शब्दांकडे नीट पाहिले तर त्यांत एक शिस्त दिसते. चावी, बिजागरी, इस्त्री, घमेले, परात, फीत, काडतूस ही वस्तूंची आणि हत्यारांची नावे आहेत. पगार, लिलाव, तुरुंग, पाद्री ही व्यवस्थेशी निगडित नावे आहेत. अननस, काजू, पपई, बटाटा, कोबी, तंबाखू ही बाहेरून आलेल्या झाडांची व भाज्यांची नावे आहेत. या साऱ्या यादीत प्राण्यांची नावे मात्र जवळजवळ नाहीत. याचे कारण सरळ आहे. नवी वस्तू आपले नाव बरोबर घेऊन येते, परंतु जो प्राणी पिढ्यान्‌पिढ्या रानात, बांधावर आणि अंगणात वावरत आला आहे त्याला नाव आधीच मिळालेले असते, आणि नवा शेजारी आला म्हणून कोणी ते टाकून देत नाही. नियमाला जो अपवाद आहे तोही याच कारणाने झाला आहे. अमेरिका खंडातून आलेल्या मोठ्या कोंबडीवजा पक्ष्याला, ज्याला इंग्रजीत ‘टर्की’ म्हणतात, पोर्तुगीज लोक ‘पेरू’ म्हणत. पक्षी नवा होता म्हणून त्याचे तेच नाव कोकणीत आणि हिंदीतही शिरले. मराठी बाजारातला पेरू हे फळ मात्र याहून वेगळे, कारण त्याचे नाव नासपतीसाठी असलेल्या ‘पेरा’ या पोर्तुगीज शब्दावरून पडलेले आहे. एका पक्ष्याला इंग्रजांनी तुर्कांचे नाव दिले, पोर्तुगीजांनी पेरू देशाचे दिले, आणि तो पक्षी या दोन्ही देशांचा नाही. लांबून आलेल्या प्राण्याला नाव देताना लोकांपाशी किती थोडी माहिती असते हे यावरून कळते.

हाच नियम उलट दिशेनेही लागू होतो. पोर्तुगीजांना कोकणात जे प्राणी भेटले त्यांपैकी गाय, कुत्रा, घोडा, कोल्हा, कावळा यांना त्यांच्या भाषेत नावे होती आणि म्हशीसाठी ‘बूफालु’ हा युरोपात ठाऊक असलेला शब्द पुढे करता आला. इंग्रजीतील ‘बफेलो’ हा शब्दही बहुधा पोर्तुगीजांच्याच मार्गाने तेथे पोहोचला. जेथे घरचा शब्द पुरत नव्हता तेथे मात्र त्यांना स्थानिक माणसाच्या तोंडाकडे पाहावे लागले, आणि मुंगूस हा असा प्राणी होता.

भारतीय भाषांतील या प्राण्याच्या नावांची मांडणी लक्षात घेतली तर पोर्तुगीजांनी ते कोणत्या प्रदेशात ऐकले असावे याचा अंदाज बांधता येतो. संस्कृतात त्याला ‘नकुल’ म्हणतात. पंचतंत्रातील ब्राह्मणाच्या घरचा इमानी नकुल आणि महाभारताच्या आश्वमेधिक पर्वातील अर्ध्या सोनेरी अंगाचा नकुल हे सर्वांच्या परिचयाचे आहेत. या शब्दापासून हिंदीत ‘नेवला’, गुजरातीत ‘नोळियो’ आणि सिंधीत ‘नोरु’ ही नावे तयार झाली. मराठीने मात्र संस्कृतोद्भव भाषा असूनही रोजच्या व्यवहारात नकुल न घेता ‘मुंगूस’ हा शब्द वापरला आणि तो कन्नडमधील ‘मुंगुसी’ व तेलुगूतील ‘मुंगिस’ यांच्या घराण्यातला आहे. म्हणजे त्याचे मूळ दख्खनच्या द्राविड भाषांच्या शेजारात शोधावे लागते. त्याहून खाली तमिळमध्ये याच प्राण्याला ‘कीरी’ किंवा ‘कीरिप्पिळ्ळै’ म्हणतात. थोडक्यात, पश्चिम किनाऱ्यावर गुजरातेत वेगळे नाव, मलबाराच्या पलीकडे दक्षिणेत वेगळे नाव, आणि मधल्या पट्ट्यात मुंगूस अशी ही भाषिक रचना आहे, आणि पोर्तुगीजांचा उत्तर प्रांत व गोवा हे दोन्ही नेमके या मधल्या पट्ट्यात येतात.

लेखी पुराव्याचा क्रमही या रचनेशी जुळणारा आहे. गार्सिया द ओर्ता हा गोव्यात राहणारा पोर्तुगीज वैद्य. मुंबई बेट त्याच्याकडे भाडेपट्ट्याने होते, म्हणजे उत्तर कोकण त्याला परका नव्हता. भारतातील औषधी द्रव्यांवरचा त्याचा संवादरूप ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यात छापला गेला आणि त्यात सर्पविषावरील मुळीची चर्चा करताना त्याने सापाशी झुंजणाऱ्या, फेरेटसारख्या एका प्राण्याचा उल्लेख केला आहे. फेरेट म्हणजे युरोपात सशांच्या शिकारीसाठी पाळला जाणारा लांब अंगाचा छोटा मांसभक्षक. ओर्ता सिलोनची हकिगत सांगत असल्यामुळे त्याने या प्राण्याची ‘किल’ आणि ‘किर्पेले’ ही नावे दिली आणि ती उघडच तमिळ नावाची रूपे आहेत. यानंतर सव्वाशे वर्षांनी, १६८५ मध्ये, झुआंव रिबैरु या सैनिकाने सिलोनमधील पोर्तुगीज सत्तेच्या नाशाची कहाणी लिहिली, तेव्हा मात्र त्याने त्याच बेटावरच्या त्याच प्राण्याला ‘मांगुश’ म्हटले. सिलोनमध्ये बोलल्या जाणाऱ्या तमिळमधील ‘कीरी’ किंवा सिंहलीतील ‘मुगटिया’ या शब्दांत शेवटचा ‘स’ नाही. तो मराठी-कन्नड पट्ट्यातील नावात आहे. त्यामुळे या मधल्या काळात पश्चिम किनाऱ्यावरचे नाव पूर्वेकडील पोर्तुगीजांच्या बोलण्यात सर्वसाधारण होऊन गेले होते असे दिसते.

इंग्रजांनीही हे नाव याच किनाऱ्यावर उचलले. मुंबई बेट १६६१ च्या विवाह-तहाने इंग्लंडच्या राजाकडे आणि १६६८ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीकडे आले, आणि कंपनीचा डॉक्टर जॉन फ्रायर १६७० च्या दशकात मुंबई-सुरतेच्या पट्ट्यात वावरला. त्याच्या प्रवासवृत्तात, जे १६९८ मध्ये प्रसिद्ध झाले, मुंगसाचा उल्लेख आहे आणि ओळख पटवून देण्यासाठी त्यानेही फेरेटशीच तुलना केली आहे. हाच फ्रायर १६७५ मध्ये मुंबईहून कल्याण व मुरबाडच्या वाटेने जुन्नरला गेला आणि कल्याणच्या भग्न इमारती पाहून त्याने त्या शहराच्या गतवैभवाबद्दल हळहळ व्यक्त केली. ज्या इंग्रजाने हे नाव इंग्रजी वाचकापुढे मांडले, तो आजच्या उल्हासनगरच्या हद्दीपासून हाकेच्या अंतरावरून गेला होता.

पोर्तुगीजांच्या बाबतीत हे उसनवार घेणे विशेष अर्थपूर्ण आहे, कारण मुंगसाच्या जातीचा एक प्राणी त्यांच्या स्वतःच्या देशात राहतो. इजिप्तचे मुंगूस म्हणून ओळखली जाणारी जात उत्तर आफ्रिकेप्रमाणेच इबेरियन द्वीपकल्पाच्या दक्षिण व पश्चिम भागातही आढळते आणि पोर्तुगीज शेतकरी तिला ‘साकाराबुश’ म्हणतात. तरीही कोकणातल्या मुंगसाला त्यांनी साकाराबुश म्हटले नाही. घरचा तो प्राणी सशांच्या व कोंबड्यांच्या शिकारीबद्दल कुप्रसिद्ध होता, तर येथले मुंगूस नागाचा वैरी म्हणून आदराने सांगितले जात होते; त्याचे तोंड दिसणे हा शुभशकुन मानला जाई आणि त्याला विषावरचा पाला ठाऊक असतो अशी समजूत होती. परक्या माणसाने प्राण्याबरोबर त्याच्याभोवतीचा हा समज घेतला आणि समजाबरोबर नाव घेतले. म्हणून आजच्या पोर्तुगीजमध्ये दोन नावे नांदतात: मायदेशातल्या प्राण्यासाठी साकाराबुश, आणि भारत व आफ्रिकेतील जातींसाठी, तसेच संपूर्ण कुळासाठी, मांगुश्तु. फ्रेंचमधील ‘मांगूस्त’ आणि स्पॅनिशमधील ‘मांगोस्ता’ ही त्याच शब्दाची भावंडे होत.

इंग्रजीत या नावाने आणखी एक वळण घेतले. परका शब्द आपल्या ओळखीच्या शब्दासारखा करून उच्चारण्याच्या व लिहिण्याच्या प्रवृत्तीला लोकव्युत्पत्ती म्हणतात, आणि तिच्यामुळे ‘मंगूस’च्या शेवटी ‘गूज’ हा बदकाच्या जातीच्या पक्ष्याचा वाचक इंग्रजी शब्द दिसू लागला. त्या पक्ष्याला पोर्तुगीजमध्ये ‘गान्सु’ म्हणतात. मुंगसाशी त्याचा काडीमात्र संबंध नसल्यामुळे इंग्रजी शब्दाची फोड करून भाषांतर करणारा पूर्णपणे फसतो, तर कोकणाचा इतिहास ठाऊक असणारा थेट मांगुश्तुपर्यंत पोहोचतो.

मुंगसाचा वैरी नाग याच्या नावाची कथा याच्या जोडीने सांगितल्याशिवाय हे चित्र पुरे होत नाही. पोर्तुगीजमध्ये ‘कोब्रा’ म्हणजे कोणताही साप. लॅटिनमधून आलेला तो सामान्य शब्द आहे. भारतातील फणाधारी साप पाहिल्यावर त्यांनी त्याला ‘कोब्रा दि कापेलु’ म्हणजे टोपडेवाला साप असे वर्णनात्मक नाव दिले, कारण संन्याशाच्या डोईवरील वस्त्रासाठी त्यांच्याकडे ‘कापेलु’ हा शब्द होता. इंग्रजांनी हे पूर्ण नाव उचलले आणि एकोणिसाव्या शतकात त्याचे शेपूट तोडून नुसते ‘कोब्रा’ ठेवले. परिणाम असा की इंग्रजीतील कोब्रा म्हणजे नाग, पण तोच शब्द जसाच्या तसा पोर्तुगीजमध्ये ठेवला तर त्याचा अर्थ नुसता साप होतो. म्हणून तेथे ‘कोब्रा-कापेलु’ किंवा ‘नाजा’ लिहावे लागते. हा ‘नाजा’ मुळात संस्कृत ‘नाग’ या शब्दाच्या भारतीय रूपांवरून युरोपीय निसर्गशास्त्रज्ञांनी बनवलेला असून लिनियसच्या १७५८ च्या ग्रंथात तो जातीचे नाव म्हणून आणि १७६८ पासून प्रजातीचे नाव म्हणून आला. म्हणजे ज्या नागाला पोर्तुगीजांनी आपले नाव देऊ केले, त्यालाही शेवटी शास्त्राच्या वाटेने भारतीय नावच परत मिळाले.

शास्त्रात मुंगसाचे नाव याहूनही दूर गेले. आफ्रिकेतील पट्टेरी मुंगसाला ‘मुंगोस मुंगो’ हे शास्त्रीय नाव आहे, त्यातील ‘मुंगोस’ ही प्रजाती १७९५ मध्ये स्थापन झाली, आणि हा प्राणी भारतात राहतच नाही. कोकणात सर्वत्र दिसणाऱ्या करड्या मुंगसाचे शास्त्रीय नाव मात्र पारंपरिक वर्गीकरणात ‘हर्पेस्टिस एडवर्ड्‌साय’ असे आहे. उसाच्या मळ्यांतील उंदरांचा उपद्रव थांबवण्यासाठी १८७२ मध्ये कलकत्त्याहून जमैकात नऊ मुंगसे नेण्यात आली आणि पुढे १८८३ मध्ये ती जमैकाहून हवाईत पोहोचली, तेव्हा प्राण्याबरोबर त्याचे नावही दोन महासागरांच्या बेटांवर गेले. मुंबईत जन्मलेल्या रडयार्ड किपलिंगची ‘रिकी-टिकी-टावी’ ही मुंगसाची कथा १८९४ च्या ‘जंगल बुक’मधून इंग्रजी वाचणाऱ्या घराघरांत गेली आणि हे नाव मुलांच्या तोंडीही बसले.

हे सारे शोधता येते याचे श्रेय ज्यांनी या किनाऱ्यावरची बोली कागदावर उतरवली त्या लोकांना दिले पाहिजे. धर्मप्रसारासाठी का होईना, मिशनऱ्यांनी येथली भाषा मनापासून शिकली. थॉमस स्टीफन्सचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये आणि त्याचे व्याकरण १६४० मध्ये छापले गेले, तर दियोगु रिबैरु याने १६२६ मध्ये गोव्याकडील भाषेचा शब्दसंग्रह रचला. व्हाइसरॉय आल्व्होरचा काउंट याने १६८४ मध्ये तीन वर्षांत देशी भाषा सोडून पोर्तुगीज बोलण्याचा हुकूम काढला आणि या अभ्यासाला मोठा खोडा बसला; मात्र लोकांनी आपली भाषा सोडली नाही. चिमाजी आप्पांनी मे १७३९ मध्ये वसई जिंकल्यावर उत्तर प्रांत संपला. तरीही १७७८ मध्ये रोममध्ये मराठीचे पोर्तुगीज व्याकरण छापले गेले आणि १८५८ मध्ये कुन्या रिव्हारा याने उत्तरेकडील बोलीचे, सतराव्या शतकातील एका अनाम मिशनऱ्याने लिहिलेले व्याकरण गोव्यात प्रसिद्ध केले. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ मध्ये व त्याची वाढवलेली आवृत्ती १८५७ मध्ये निघाली. शेवटी गोव्याचे विद्वान धर्मगुरू सेबास्तियांव रोदोल्फु दालगादु यांनी १९१३ मध्ये आशियाई भाषांवरील पोर्तुगीज शब्दांच्या प्रभावाचा आणि १९१९ ते १९२१ या काळात आशियातून पोर्तुगीजमध्ये गेलेल्या शब्दांचा कोश सिद्ध करून देवघेवीच्या दोन्ही बाजू जगापुढे मांडल्या. उत्तर प्रांतातील पोर्तुगीज बोलीचाही त्यांनी अभ्यास केला; तिची एक शाखा आज चौलजवळच्या कोर्लई गावात अजून बोलली जाते.

उल्हास खोऱ्याच्या वाट्याला मात्र असा दालगादु आला नाही. दुसऱ्या महायुद्धातील लष्करी छावणीच्या जागी फाळणीनंतर सिंधी निर्वासितांची वसाहत झाली, ८ ऑगस्ट १९४९ रोजी तिला उल्हासनगर हे नाव मिळाले आणि ‘नोरु’ म्हणणारी सिंधी भाषा ‘मुंगूस’ म्हणणाऱ्या मराठीच्या शेजारी येऊन राहिली. अंबरनाथ कारखान्यांनी आणि बदलापूर इमारतींनी भरत गेले. नदीकाठच्या रानात आणि बारवीच्या खोऱ्यात कातकरी, ठाकर आणि आगरी बोलींत साप, पक्षी, मासे, खेकडे व रानजनावरे यांची जी नावे आहेत, त्यांतील बरीच प्रमाण मराठीच्या कोशांत नाहीत, आणि ती ज्यांच्या तोंडी आहेत ती पिढी म्हातारी झाली आहे. परक्या खलाशांनी व वैद्यांनी तीनशे वर्षांपूर्वी एक नाव कान देऊन ऐकले व लिहून ठेवले म्हणून ते जगभर टिकले. या तीन शहरांतील महाविद्यालयांच्या मराठी विभागांनी, नगर वाचनालयांनी आणि शाळांनी आपल्या परिसरातील प्राणिनामांचा, बोलणाऱ्याच्या गावासह आणि उच्चारासह, एक कोश तयार करावा. हे काम थोड्या खर्चाचे आहे, पण ते येत्या काही वर्षांतच होऊ शकते, नंतर नाही.